बर्फ्या धोंडूची खूण

तुडीलच्या धोंडूने मला दोनदा फसवलं. पहिल्यांदा खरं बोलून, दुसऱ्यांदा खोटं बोलून. पहिल्या वेळी माझे सव्वाशे सागाचे ओंडके सावित्रीत गेले. दुसऱ्या वेळी महाडच्या चावडीवर भर माणसांत मी मूर्ख ठरलो, आणि ते मला ओंडक्यांपेक्षा जास्त लागलं.

मी लाकडाचा व्यापारी. दहा वर्षांचा असताना पुरात वाहून आलेल्या फांद्या ओढून, मोळ्या बांधून विकल्या. पुढे नदीकाठी स्वतःची वखार घातली. मला फसवणं सोपं नाही, हे पोलादपूरपासून दासगावपर्यंत कोणालाही विचारा. झाड विकत घेताना मी बुंध्यावर उलटी कुऱ्हाड मारून आवाज ऐकतो, आणि मालक बोलत असताना त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघतो. भाव करताना माझा आवाज चढतो, तो मुद्दाम चढवलेला असतो असं लोक समजतात. तो खरोखरच चढलेला असतो.

धोंडूची आणि माझी गाठ पडली ती त्याच्या आईच्या परसातल्या फणसावरून. झाड जुनं, सरळ, पेट्यांना उत्तम. मी भाव सांगितला. धोंडू ओट्यावर उकिडवा बसला होता. बुटका, जाड मानेचा, एका हाताची कातडी कोपरापासून खांद्यापर्यंत भाजून सुरकुतलेली, भुवया मुळीच नाहीत, आणि भर वैशाखात डोक्याला कान झाकणारी लोकरीची टोपी. त्याने माझं ऐकलं आणि तो गप्प बसला. मला वाटलं, भाव कमी वाटला. मी वाढवला. तो गप्पच. मी तोंडातल्या तोंडात एक शिवी देऊन आणखी वाढवला. तो झाडाकडे बघत बसला. तिसऱ्यांदा वाढवल्यावर मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "अरे, दगड आहेस का माणूस आहेस?"

तेव्हा तो म्हणाला, "पयलाच भाव बरा व्हता, शेट. मी इचार करत व्हतो."

आतून त्याची आई ओरडली, "मेल्या, तो वाढवतोय तं वाढवू दे की."

"जो पयला बोलला तो खरा, आये. बाकीचा शेट रागानं बोलला."

आणि त्याने पहिल्याच भावात झाड दिलं. माझ्या उभ्या धंद्यात मी स्वतःविरुद्ध तीनदा बोली लावलेली तेवढी एकच वेळ. गप्प बसणं हे बाजारातलं हत्यार आहे हे मलाही माहीत होतं, पण ते हत्यार हातात असताना न वापरणारा माणूस मी पाहिला नव्हता. असा माणूस एकतर साधू असतो किंवा बावळट असतो. साधूंच्या बाबतीत माझा अनुभव बरा नाही, म्हणून मी त्याला बावळट ठरवलं.

गप्प बसायची ही सवय तो फिनलंडहून घेऊन आला होता.

हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं, कारण त्याचं नावच त्यावरून बर्फ्या पडलं होतं. आमच्याकडची माणसं मुंबईला जातात, गिरणीत लागतात, गोदीत लागतात, आणि शिमग्याला येताना शिट्ट्या आणि आरसे घेऊन येतात. धोंडू गोदीतून बोटीवर चढला, भट्टीत कोळसा घालणारा आगवाला झाला, आणि लाकूड भरायला गेलेल्या एका बोटीबरोबर त्या देशात पोचला. तिथे भट्टीच्या तोंडाशी हात भाजला. तो इस्पितळात असताना बंदर गोठलं आणि बोट त्याला सोडून निघून गेली. बंदर वसंतात उघडणार. तोवर या माणसाचं करायचं काय, तर लाकूड विकणाऱ्या मालकाने त्याला आत, तळ्याकाठच्या एका लहान गावात, आपल्या वाफेच्या लाकूड गिरणीत भट्टीवर लावला. तिथे तो सहा-सात महिने राहिला. वर्षंही नव्हे, महिने. त्यावर त्याने पुढची दहा वर्षं काढली.

गावाचं नाव विचारलं की तो बराच वेळ तोंड हलवायचा आणि शेवटी "तळ्याचा गाव" म्हणायचा. एकच रस्ता. घरं लाकडाची, रंग गेरूसारखा तांबडा. देऊळ लाकडाचं, घंटा मात्र देवळाबाहेर वेगळ्या मनोऱ्यावर. तळं एवढं मोठं की पलीकडची माणसं रविवारी देवळाला येताना सगळी वाडी एकाच लांब होडीत बसून वल्ही मारत यायची. थंडीत तळं गोठायचं. मग होड्या काठावर उलट्या आणि घोडागाड्या तळ्यावरून. वाट चुकू नये म्हणून बर्फात दोन्हीकडे हिरव्या फांद्या रोवलेल्या. धोंडू पलीकडच्या एका विधवा शेतकरणीच्या घरी राहायचा आणि रोज सकाळी तळ्यावरून चालत कामाला जायचा.

"पाण्यावरनं चालत?" कोणीतरी हमखास विचारायचं.

"पाण्यावरनं नाय. बर्फावरनं. खाली पाणी."

"आणि खायला काय रे?"

"भाकर. नाचणीवाणी काळी. मधी भोक. काठीला ओवून आढ्याला टांगतात. वर्साला दोनदाच भाजतात."

"दोनदाच? मग बायका बाकीचं वर्षभर करतात काय?"

त्यावर बाजार हसायचा. धोंडू हसत नसे आणि रागावतही नसे. विचारलं तेवढं सांगायचा. लोकांना वाटायचं, तो फुशारकी मारतो. फुशारकी मारणारा माणूस दर वेळी एक वीत वाढवून सांगतो. मी रोज असल्या माणसांबरोबर धंदा करतो. धोंडूचं तळं दर वेळी तेवढंच असायचं. हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि तिथेच माझं चुकायला सुरुवात झाली.

त्या गावात दाराला कुलूप नसतं. घरी कोणी नसलं तर दाराला केरसुणी टेकवून ठेवायची. येणारा बघतो आणि परत जातो. धोंडूने तुडीलला हे सुरू केलं. आईला घेऊन कुठे जायचं तर दारात उभी केरसुणी. त्याची आई रस्त्यावरून शेजारणीला ओरडून सांगायची, "बघ गो, लक्षुमीला दारात उभी केलीन यानं. आता ती आत येते का भायेर जाते ते तीच जाणे." तिसऱ्या वेळी घरातला तांब्याचा हंडा गेला.

मी मुद्दाम विचारलं, "काय धोंडू, केरसुणीने राखण केली नाही वाटतं?"

त्याने टोपी कानावर ओढली. मग म्हणाला, "त्याला ठावं नसंल केरसुणीचा अर्थ. आता गावात सगळ्यांस्नी सांगितलंय."

आणि त्याने खरोखर घरोघर जाऊन सांगितलं होतं. म्हणजे घर केव्हा रिकामं असतं हे चोराला कळायची आता अडचण उरली नाही. पुढच्या वेळी परात गेली.

मग त्याने नदीकाठी लाकडाची एक खोली बांधली. खोली कसली, खुराडं. आत नदीतले काळे गोटे रचून खाली आग, गोटे तापले की धूर बाहेर काढायचा, दार लावायचं आणि गोट्यांवर पाणी मारून त्या वाफेत उघड्या अंगाने बसायचं. तिकडे कुठल्याशा झाडाच्या डहाळ्यांनी अंग झोडपून घेतात. इकडे त्याने निरगुडी घेतली. घाम निथळला की धावत येऊन सावित्रीत उडी. पहिल्या दिवशी एक गोटा फुटला आणि भिंतीची फळी फोडून बाहेर आला, त्यापाठोपाठ धोंडू आला, आणि पाणी भरणाऱ्या बायका कळश्या टाकून पळाल्या. गावाने भगताला बोलावलं. पण दोन पावसाळ्यांत गावातले वातवाले म्हातारे कोणाला न सांगता तिथे जाऊन बसायला लागले. निरगुडीचा गुण तो, बर्फाच्या गावाचा नव्हे. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, गुडघा हलतोय ना, मग तुम्हाला काय करायचंय.

आता माझ्या फसवणुकीकडे येतो.

मराठी शाळेचे मास्तर एकदा वखारीवर बसले होते आणि धोंडू भुशाची पोती भरत होता. तो म्हणाला, त्या शेतकरणीच्या कोठारात थंडीतला बर्फ लाकडाच्या भुशात पुरून ठेवायचे, तो कापणीपर्यंत टिकायचा. मास्तर म्हणाले, "उन्हाळ्यात बर्फ? भुशात? अरे, भुसा उबदार असतो. पोरांना असं शिकवलं तर माझी नोकरी जाईल." मी म्हणालो, "आणून दाखव." मी हे चिडवायला म्हणालो. त्याने माझ्याकडून दोन पोती भुसा घेतला आणि तो मुंबईला गेला.

ऐन वैशाखात तो परत आला. मुंबईहून बाणकोटला आगबोटीने, बाणकोटहून भरतीबरोबर पडावातून खाडीने वर. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या वखारीसमोर त्याने लाकडी पेटी उतरवली. पेटीच्या फटींतून पाणी गळत होतं. बघायला सगळी पेठ लोटली होती. वरचा भुसा चिखल झाला होता. पेठ हसायला लागली. त्याने हाताने तो उपसला. खालचा ओलसर होता. त्याच्या खालचा कोरडा. आणि त्याच्या आत नारळाएवढा बर्फ होता.

बैलगाडीवाल्यांचा म्होरक्या, सहा फुटी माणूस, त्याने हात लावला आणि मागे घेतला. "चावतोय," म्हणाला.

मास्तर म्हणाले, "यावरून एवढंच सिद्ध होतं की मुंबईत बर्फाचा कारखाना आहे."

मास्तरांचं बरोबर होतं. मी मास्तरांचं ऐकायला हवं होतं. पण तीन दिवस उन्हात पेटीवर बसून येणारा आणि आत काय उरलंय हे बघायला एकदाही झाकण न उघडणारा माणूस समोर उभा होता. अशा माणसाच्या हाती मी काहीही दिलं असतं. आणि दिलं.

त्याच सुमारास गाडीवाल्यांनी भाडं वाढवलं. पोलादपूरहून महाडपर्यंत सागाचा ओंडका आणायचा तर बैलगाडीशिवाय गत्यंतर नाही, हे त्यांना कळलं होतं. मी भांडलो, आणि भांडता भांडता बोलून गेलो की पुन्हा तुमच्या गाडीवर माझं एक ढलपंही चढणार नाही. तोंडातून गेलं ते गेलं. पोलादपूरच्या खाली काठावर माझे सव्वाशे ओंडके पडलेले. परवान्याचा साग, वर्षभर वाळवलेला.

धोंडू म्हणाला, "नदीत सोडा."

"आणि?"

"तिकडं असंच करतात. बर्फ इतळला की नद्या भरतात. दहा मालकांची लाकडं एकाच पाण्यात सोडतात. जो तो आपल्या लाकडाच्या टोकाला कुऱ्हाडीनं घराची खूण करतो. खाली तळ्याशी लाकडांचीच साखळी आडवी बांधलेली. तिथं खूण बघून निवडतात. ज्याचं त्याला."

"आणि वाटेत कोणी काढलं तर?"

त्याने या प्रश्नावर नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. "दुसऱ्याची खूण असली तं कसं काढंल?"

मी आंबट तोंड केलं. पावसाळ्यात आमच्या नदीला लोंढा येतो तेव्हा काठचं प्रत्येक गाव दोर आणि आकड्या घेऊन उभं असतं. पुराने आणलं ते नदीने दिलं, ही इथली रीत. सख्ख्या भावाच्या गोठ्याचं छप्पर वाहत आलं तरी ते ओढणाऱ्याचं. ही रीत मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिच्यावर माझी पहिली मोळी उभी होती. पण खूण केलेलं लाकूड आजवर या नदीत कोणी सोडलंच नव्हतं. नारळाएवढा बर्फ मी डोळ्यांनी पाहिला होता. आणि गाडीवाल्यांचा म्होरक्या रोज वखारीवरून जाताना मिशीत हसत होता.

मी म्हणालो, माझ्या नावाचं अक्षर कोर. तो म्हणाला, "अक्षर नको, शेट. नदीकाठी वाचतो कोण?" त्याने फळीवर एक खूण कोरून दाखवली. मध्ये उभी रेघ, दोन्हीकडे खाली उतरत्या तीन-तीन रेघा. तिकडच्या झाडासारखी. त्या शेतकरणीच्या घराची ती खूण, तिच्या होडीवर, घमेल्यावर, सगळीकडे तीच. पोलादपूरला जाऊन आठ दिवस एकट्याने त्याने ओंडक्यांवर ती कोरली, मी बघायलाही गेलो नाही, आणि मग ती फळी बगलेत मारून तो काठच्या नऊ गावांत फिरला. या खुणेचं लाकूड श्रावणात येईल, त्याला हात लावू नका, असं सांगत.

गावांची नावं मी इथे लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

"तुझ्या लाकडाला हात लावू तं आमचा हात झडंल, धोंडू," असं नऊही गावांनी सांगितलं. एका गावाच्या पाटलाने त्याला जेवू घातलं. मी विचारलं, नारळावर हात ठेवून शपथ घेतलीस ना?

"हो म्हणाले की."

"शपथ?"

"शेट, हो म्हणालेल्याला पुन्ना शपथ घातली तं त्याचा अपमान हुतो."

महाडच्या वर नदी वळते तिथे आम्ही काथ्याचा जाड दोर आणि बांबू यांची साखळी बांधली. श्रावणात पाणी चढलं आणि पोलादपूरला ओंडके सोडले. धोंडू आणि मी दोन दिवस साखळीवर उभे होतो. आलं ते असं: गवताची एक आख्खी उडवी, एक मेलेली शेळी, कोणाच्या तरी गोठ्याचं छप्पर, आणि एक जिवंत कोंबडी, छपरावर बसलेली. ओंडका एकही नाही. दुसऱ्या दिवशी साखळी तुटली.

गाडीवाल्यांचा म्होरक्या पुलापाशी उभा होता. तो म्हणाला, "शेट, कोंबडी आणायला गाडी पाठवू का?"

मी फौजदाराकडे गेलो. फौजदाराने नऊ गावांचे पाटील महाडच्या चावडीवर बोलावले. बाहेर पाऊस कोसळत होता. धोंडू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, टोपी घालून. फौजदार चांगला माणूस होता. त्याला भानगड लवकर मिटवायची होती. तो म्हणाला, "लाकडावर खूण आहे ना? मग अवघड काय? घराघराची कौलं उतरवून आढी-तुळया बघू. सापडेल त्याला बेडी."

नऊ पाटलांची तोंडं मी पाहिली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा क्षण असेल.

"खूण तू केलीस?" फौजदाराने धोंडूला विचारलं.

धोंडू गप्प. पाऊस पडतोय, पाटील बसलेत, फौजदार लेखणी धरून थांबलाय, आणि हा गप्प. मग तो म्हणाला, "नाय, साहेब."

"म्हणजे?"

"फळीवर एकच केली. शेटास्नी दावायला. लाकडावर केलीच नाय."

मी ओरडलो. फौजदाराने हाताने मला थांबवलं. "आणि ते तळ्याचं गाव? जिथे अशी खूण करतात म्हणे?"

"सांग की, बर्फ्या," ज्याने त्याला जेवू घातलं होतं तो पाटील म्हणाला.

"असा गाव नाय," धोंडू म्हणाला. "मी गोदीतच व्हतो. भाजलो तवा इस्पितळात शेजारी एक गोरा खलाशी व्हता. त्यानं काय काय सांगितलं. तेच मी सांगत फिरलो."

चावडी हसली. जो पाटील सगळ्यात आधी हसला तो सगळ्यात जास्त हसला. मी उठलो आणि धोंडूच्या थोबाडीत मारली. त्याची टोपी पडली. ती त्याने उचलली, झटकली आणि पुन्हा घातली. फौजदाराने कागद मिटला.

त्यानंतर दोन वर्षं महाडच्या पेठेत धोंडूचं नाव निघालं की मी थुंकायचो. बाजारात कोणी थाप मारली की लोक म्हणायचे, "बर्फ आणलास का?" तुडीलची पोरं त्याच्या दारातली केरसुणी पळवून त्याच्याच अंगणात उलटी रोवायची. ज्या म्हाताऱ्यांचे गुडघे त्याच्या खुराड्यात सुटले होते, तेही आता त्याला लबाड म्हणायला लागले, आणि म्हणून झालं की वाफ घ्यायला जायचे. धोंडूने तळ्याबद्दल बोलणं सोडलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "नाय बा, तसला काय नाय." हे ऐकून माझं रक्त आणखी तापायचं. खोटं बोलला याचा राग, आणि कबूल करतो याचाही.

तिसऱ्या वर्षी नऊपैकी एका गावात मी ऐनाची झाडं बघायला गेलो. जेवण झालं, यजमानाने पडवीत घोंगडी टाकली. मी आडवा झालो आणि वर बघितलं. डोक्यावर सागाची तुळई होती, आणि तुळईच्या टोकाला ती खूण. उभी रेघ, दोन्हीकडे उतरत्या तीन-तीन. तिच्यावर हळदकुंकू होतं.

मी उठून बसलो नाही. व्यापारी आहे. पडल्या पडल्या विचारलं, "तुळई जुनी दिसते."

"वडलांच्या येळची," यजमान म्हणाला.

"आणि ती नक्षी?"

"ती देवाची खूण हाय. पयल्यापासनं हाय. दसऱ्याला आमी हळदकुंकू लावतो."

त्यानंतर महिनाभर मी झाडं बघायच्या निमित्ताने नऊही गावं फिरलो. गोठ्यात पाहिली, ओटीवर पाहिली, एका देवळाच्या सभामंडपात पाहिली. जिथे जिथे पाहिली तिथे हळदकुंकू होतं. चोरलेलं लाकूड जाळतात, लपवतात, खूण तासून टाकतात, हे समजू शकतं. यांनी तिची पूजा मांडली. एक कुऱ्हाड मारून ती खूण उडवायची हिंमत नऊ गावांत एकाची झाली नाही, आणि ती खूण करणारा माणूस खरा होता असं म्हणायचीही नाही.

मी तुडीलला गेलो. धोंडूची आई त्या पावसाळ्यात वारली होती. तो नदीकाठी त्या खुराड्यासमोर बसून निरगुडीच्या डहाळ्या बांधत होता. दोन वर्षांनी मी दिसलो तर त्याने फक्त बसायला गोटा पुढे सरकवला.

मी म्हणालो, "खूण पाहिली मी. सागावर."

तो गप्प बसला. या वेळी मीही गप्प बसलो. शेवटी त्याने विचारलं, "कुनाच्या घरी?"

मी गावं सांगितली, घरं सांगितली.

"नीट बसलीये का तुळई? गळत नाय ना?"

माझा हात पुन्हा उठणार होता. "अरे, तू खोटं का बोललास?"

"भर पावसात कौलं काढणार व्हते, शेट. नऊ गावांची. आत बायका-पोरं, बाळंतिणी." त्याने डहाळीची गाठ आवळली. "आणि फौजदारानं ज्यास्नी धरलं असतं त्यांनी मला हो म्हणून फशिवलं, असं मला म्हणावं लागलं असतं. माझ्या तोंडानं."

"म्हणून स्वतःचं गाव खोटं ठरवलंस?"

"मी नाय म्हणालो म्हणून तळं आटलं का?" तो म्हणाला. "ते हाय तिकडं. आता तिकडं पयला बर्फ धरत असंल. काठाकाठानं आधी."

मी म्हणालो, उद्या मी पेठेत उभा राहून हे सांगतो. तो म्हणाला, नको. मी म्हणालो, मग मला गप्प बसवायला तू काय देशील? तो म्हणाला, "तुमी पयल्यांदाच गप बसला व्हता मघाशी. बरं वाटलं." मग मी त्याला शब्द दिला, आणि तो इथे होता तोवर पाळला.

होडीच्या धक्क्यापर्यंत तो मला पोचवायला आला. निघताना त्याने घराच्या दाराला केरसुणी टेकवली. दोघेच आम्ही, पन्नास पावलांवर धक्का, आणि तरी त्याने ती नीट टेकवली, घसरेल का बघितलं, आणि मग चालू लागला. होडी सुटल्यावर तो काठावर टोपी घालून उभा होता. मी हात वर केला नाही. त्याने केला.

त्या दिवाळीनंतर तो मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर, असं कोणीतरी सांगितलं. कुठल्या बोटीवर ते कोणाला माहीत नाही. पत्र नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याचं घर बघून आलो. दार नेलेलं होतं, चौकट नेलेली होती, कौलं, पाटा, जातं, सगळं नेलेलं होतं. चार भिंती आणि जिथे दार होतं तिथे भिंतीला टेकलेली केरसुणी. तेवढी कोणी नेली नव्हती. तिला हात लावायला भीती वाटली असेल.

तेव्हा नऊ गावांनो, मला माझा साग नको. तो तुमच्या डोक्यावर राहू दे, त्याखाली तुमची लग्नं होऊ देत. पण चावडीवर एका माणसाने तुमच्यासाठी स्वतःला खोटं म्हणवून घेतलं आणि तुम्ही हसलात, त्याचं उत्तर द्या. नऊपैकी एका घराने महाडच्या त्याच चावडीवर यावं आणि ही खूण देवाची नाही, धोंडूची आहे, एवढं मोठ्याने म्हणावं. माझ्या थपडेचं उत्तर मला द्यायचं आहे, ते मी जाणतो, आणि तिथेच उभा राहून देईन. पण तुमच्या आधी देणार नाही. मी रोज सकाळी वखारीवर असतो. या.